सकाळचा बेडका

"ताई, एवढं पुरे का?" म्हणत बाई डबी पुढं करते. आत पातळ, फेसाळ लाळ. क्षयाचे जंतू असतात फुफ्फुसात. ही लाळ तपासून काय हाती लागणार?

पाथर्डी तालुक्यात मी प्रयोगशाळेत काम करते. चांगला नमुना बघताक्षणी कळतो: घट्ट, पिवळसर, काडीनं उचलला तर तार धरणारा. असा २ ते ५ मिलिलिटर पुरतो.

नमुने दोन घेतो. एक तिथंच, लगेच. दुसरा दुसऱ्या दिवशी उठल्याउठल्या, चहा-मिश्रीच्या आधी, कारण रात्रभर छातीत साचलेला कफ तेव्हा सुटतो. साध्या पाण्यानं चूळ भरायची. दोनदा खोल श्वास घेऊन रोखायचा, मग जोर लावून खोकायचं, डबी ओठांशी धरून बेडका आत सोडायचा आणि झाकण घट्ट लावायचं. हे सगळं उघड्यावर, माणसांपासून लांब. बंद खोलीत किंवा संडासात नकोच. खोकल्याबरोबर उडालेले जंतू तिथल्या हवेत रेंगाळतात.

बायकांना चारचौघांत खाकरायची लाज वाटते. मी त्यांना इमारतीमागं नेते, स्वतः खोकून दाखवते. पाकिस्तानातल्या रावळपिंडीच्या क्षयरोग केंद्रातला अभ्यास २००७ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. नमुना कसा द्यायचा हे समजावलेल्या बायकांपैकी १३ टक्क्यांच्या बेडक्यात जंतू सापडले, न समजावलेल्यांपैकी ८ टक्क्यांच्या. दोन मिनिटांच्या बोलण्याचा एवढा फरक! आपल्याच जिल्ह्यात, जामखेडला, डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० साली काम सुरू केलं आणि गावातल्याच बायकांना आरोग्यसेविका म्हणून तयार केलं. बाईला बाईनं सांगितलेलं पटतं, हे मी रोज बघते.

सूक्ष्मदर्शकाखाली जंतू दिसायला एका मिलिलिटरमध्ये ते निदान ५ ते १० हजार असावे लागतात. गोव्यातल्या मोल्बायो कंपनीचं ट्रूनॅट यंत्र त्याहून कितीतरी कमी जंतू पकडतं, रिफाम्पिसिन हे क्षयाचं औषध लागू पडेल का तेही सांगतं. पण नुसती लाळ दिली तर यंत्र तरी काय करणार? ज्यांना कफ सुटतच नाही त्यांना खारट द्रावणाची वाफ देतात. लहान मुलं बेडका गिळून टाकतात, म्हणून त्यांच्या जठरातून पहाटे, उपाशीपोटी नळीनं नमुना घेतात.

आमच्याकडच्या ऊसतोडीच्या टोळ्या दसरा-दिवाळीच्या सुमारास गाव सोडतात. घरात कुणाला दोन आठवडे खोकला असेल, तर कोयता उचलण्याआधी सरकारी दवाखान्यातून डबी घेऊन जा. तपासणी मोफत आहे, औषधंही मोफत आहेत.