तळ्यातली मरळ धरायला काठी आणि चरखी कशी निवडाल?



शेततळ्यात रोहू, कटला, मृगळाची बोटुकली सोडली, वेळच्या वेळी खाद्य घातलं आणि जाळं ओढल्यावर मासे मोजकेच निघाले, तर पहिला संशय मरळीवर घ्या. मरळ पाण्याबाहेरची हवाही घेते. त्यामुळं पावसाळ्यात ओल्या गवतातून, पाटाच्या पाण्यातून ती ओढ्यातून तळ्यात शिरते. ती मांसाहारी आहे. तोंडात मावेल ते पिल्लू गिळते. बियाण्याचा आणि खाद्याचा पैसा तिच्या पोटात जातो.

जाळ्यानं ती सहसा हाती लागत नाही. काठच्या गवतात, दगडांच्या खोबणीत ती दडते. जाळं आलं की चिखलात घुसून खालून निसटते. म्हणून एकेक मरळ गळानंच काढावी लागते. तिला बाजारात भावही चांगला मिळतो.

लांब नको, नेमकं हवं

मरळ काठाजवळच असते. 30 मीटर लांब-रुंद तळ्यात गळ लांब फेकण्याचं कारणच नाही. तो दहा-पंधरा फुटांवर, गवताच्या मोकळ्या फटीत, आवाज न करता अलगद सोडता आला पाहिजे. मासा लागला की गवतात गुरफटण्याआधीच वर उचलायचा. काठी, चरखी, तंगूस यांची निवड या दोन कामांसाठी करायची.

काठी

काठ मोकळा असेल तर बांबूची 10 ते 12 फुटांची काठी पुरते. मानवेलीचा भरीव बांबू घ्या. तो तीन वर्षांचा जून असावा, हिवाळ्यात तोडलेला आणि सावलीत वाळवलेला असावा. तंगूस नुसत्या शेंड्याला बांधू नका. मुठीजवळ गाठ मारून काठीला फेरे देत शेंड्यापर्यंत न्या. शेंडा मोडला तरी मासा हातचा जाणार नाही. शेंड्यापुढं तंगूस काठीपेक्षा फूटभर कमीच ठेवा.

वर बाभळीच्या फांद्या असतील तर लांब काठी अडते. तिथं साडेसहा-सात फुटांची, चरखी लावायची फायबरची काठी बरी. दुकानात तिची परीक्षा करा. शेंडा जमिनीला टेकवून हलकेच दाबा. वरचा एक-तृतीयांश भाग वाकला आणि खालचा ताठ राहिला, तर काठी कामाची. मुठीपर्यंत कमान झाली तर ती उघड्या पाण्यातल्या रोहूला ठीक, गवतातल्या मरळीला नाही. तंगुसाच्या कड्यांतून कापूस फिरवून पाहा. कापूस अडकला तर कड्याला चीर आहे. ती तंगूस कापेल.

चरखी

चरखी दोन तऱ्हेची मिळते. एक काठीखाली लटकते; तिचं रीळ स्थिर राहतं आणि तार त्यावर गुंडाळली जाते. नवशिक्यानं हीच घ्यावी. दुसरी काठीवर बसते. तिचं रीळ स्वतः फिरतं आणि अंगठ्यानं आवरावं लागतं. जवळच्या नेमक्या कामाला ती उत्तम, पण सवय नसेल तर तंगुसाचा गुंता होतो.

चरखीचा ताण स्क्रूनं कमीजास्त करता येतो. तंगूस 12 किलोला तुटणारा असेल तर ताणकाट्यावर 4 किलोच्या आसपास चरखी सुटू लागावी. अगदी घट्ट आवळली तर झटक्यात तंगूस तुटतो. सैल ठेवली तर मासा गवतात शिरतो.

तंगूस, गळ, आमिष

गवतासाठी 0.40 ते 0.50 मिलिमीटर जाडीचा नायलॉन तंगूस घ्या. उन्हानं तो कमजोर होतो, म्हणून दर हंगामाला ओढून तपासा. गाठ आवळण्याआधी ओली करा. कोरडी आवळली तर घासून तंगूस दुबळा होतो.

आमिषाला गांडूळ, कोळंबी किंवा लहान मेलेला मासा लावा. बेडूक लावू नका. तो पिकावरचे किडे खातो, आणि त्याच्या काही जातींना वन्यजीव कायद्याचं संरक्षण आहे. सकाळी लवकर आणि सांजेला बसा. मरळ हवा घ्यायला वर येते, तिथं पाणी हलतं. आमिष थोडं पुढं सोडा.

ही काळजी घ्या

1. तळ्याला प्लॅस्टिक अंथरलेलं असेल तर गळ तळाशी ओढू नका. कागदाला भोक पडेल. तरंगा लावून गळ अधांतरी ठेवा.
2. ओल्या प्लॅस्टिकवर पाय घसरतो आणि वर चढता येत नाही. एकट्यानं जाऊ नका. काठाला पक्का दोर बांधून पाण्यात सोडून ठेवा.
3. वरून विजेची तार जात असेल तिथं काठी उभारू नका. कार्बनच्या काठीतून वीज वाहते. ओला बांबूही धोक्याचाच.
4. सार्वजनिक तलावात मासेमारीचा ठेका बहुधा मच्छीमार सहकारी संस्थेकडे असतो. आधी परवानगी घ्या. तिथं पिल्लांच्या तांबड्या घोळक्याजवळची मरळ सोडून द्या. ती पिल्लं राखत असते. स्वतःच्या शेततळ्यात मात्र तीच आधी काढा.

गळानं मरळ कमी होते, संपत नाही. पाणी येण्याच्या तोंडाला बारीक जाळी बसवा. उन्हाळ्यात तळं पूर्ण आटवा. आटत नसेल तर मीटरभर पाण्याला हेक्टरी 2500 किलो मोहाची पेंड टाका. 30 मीटर लांब-रुंद तळ्यात मीटरभर पाणी असेल तर 225 किलो होते. त्यानंतर तीन आठवडे थांबून मगच नवी बोटुकली सोडा. काठी त्याआधीच तयार ठेवा. पावसाच्या पहिल्या पुरात पाहुणी पुन्हा येईल.