गळ्याला सूज आली? आधी जागा बघा, मग दिवस मोजा

थंडी पडली, कापूस वेचणी जोरात आली की खान्देशात घराघरात कुणाचा तरी घसा धरतो. कुणी हळद-दूध घेतं, कुणी मेडिकलवरून दोन कॅप्सूल आणतं, आणि म्हातारी माणसं म्हणतात, "व्हई जाई बरं." बऱ्याच वेळा बरंही होतं. पण गळ्याची प्रत्येक सूज सारखी नसते. काही सूज आठवड्यात उतरते, काही वर्षानुवर्षे राहते, तर काही सुजेसाठी एक दिवस थांबणंही महागात पडतं. हा फरक ओळखायला दोन गोष्टी बघायच्या : सूज नेमकी कुठे आहे आणि किती दिवसांपासून आहे.

घसा आतून दुखतो

सर्दी-खोकल्याबरोबर घसा दुखत असेल तर कारण बहुतेक वेळा विषाणू असतो. तो पाच-सात दिवसांत आपोआप बरा होतो. त्यावर अँटिबायोटिक गोळीचा उपयोग होत नाही. ग्लासभर कोमट पाण्यात अर्धा चमचा मीठ टाकून दिवसातून तीन-चार वेळा गुळण्या कराव्यात, पाणी भरपूर प्यावं. मध चालतो, पण एक वर्षाखालच्या बाळाला मध देऊ नये. कापसाची धूळ, मिरचीचा खकाणा, चुलीचा धूर यानेही घसा खवखवतो. अशा कामाला तोंडाला रुमाल बांधावा.

मात्र पाच ते पंधरा वर्षांच्या मुलाला एकदम ताप आला, गिळताना फार दुखतंय, टॉन्सिल लाल होऊन त्यावर पांढरे ठिपके आहेत आणि खोकला मात्र नाही, तर तो जंतूचा आजार असू शकतो. इथे डॉक्टरांनी दिलेलं औषध पूर्ण घ्यावं लागतं, बहुतेक वेळा दहा दिवस. दोन दिवसांत बरं वाटलं म्हणून गोळ्या बंद केल्या तर काही मुलांना दोन-तीन आठवड्यांनी सांधे सुजून ताप येतो आणि हृदयाच्या झडपा कायमच्या खराब होऊ शकतात. घशाचं दुखणं हृदयापर्यंत जातं ते असं.

कानाखाली, जबड्याजवळ सूज

कानापुढे आणि कानाखाली गाल फुगला, चावताना दुखतंय, ताप आहे, तर ते गालगुंड असू शकतं. हा आजार एकापासून दुसऱ्याला लागतो. सूज दिसल्यापासून पाच दिवस मुलाला शाळेत पाठवू नये. मोठ्या मुलाला किंवा पुरुषाला गालगुंड असताना अंडकोष दुखायला लागला तर लाजून घरी बसू नये, डॉक्टरांकडे जावं.

जबड्याखाली हाताला लागणाऱ्या, दुखणाऱ्या छोट्या गाठी दात किडल्याने किंवा टॉन्सिल सुजल्यानेही येतात. मूळ दुखणं गेलं की त्या हळूहळू कमी होतात.

गळ्याच्या पुढे, मधोमध सूज

ही सूज सहसा दुखत नाही, म्हणून तिच्याकडे कोणी लक्ष देत नाही. आरशासमोर उभं राहून पाण्याचा घोट घ्या. घोटाबरोबर सूज वरखाली होत असेल तर ती थायरॉईड ग्रंथीची असण्याची शक्यता जास्त. यालाच आपल्याकडे गलगंड म्हणतात. डोंगराळ भागात पावसाने मातीतलं आयोडीन वाहून जातं, मग तिथल्या पाण्यात आणि पिकातही ते कमी असतं. सातपुड्याच्या पट्ट्यात गलगंड नवा नाही.

मोठ्या माणसाला रोज फक्त १५० मायक्रोग्रॅम आयोडीन लागतं, गरोदर बाईला २५०. तेवढंही मिळालं नाही तर पोटातल्या बाळाच्या मेंदूची वाढ खुंटू शकते. देशात गलगंड नियंत्रण कार्यक्रम १९६२ साली सुरू झाला, त्याचा पाया आयोडीनचं मीठ हाच आहे. पाकिटावर 'आयोडीनयुक्त' लिहिलेलं बघूनच मीठ घ्यावं. साधं खडे मीठ आणि सैंधव यात आयोडीन नसल्यासारखंच असतं. मीठ घट्ट झाकणाच्या बरणीत ठेवावं, चुलीजवळ उघडं ठेवू नये आणि भाजीत शेवटी टाकावं.

पण सूज आली म्हणून मीठ जास्त खाणं हा इलाज नाही. थायरॉईड वाढण्याची इतरही कारणं असतात. त्यासाठी रक्ताची तपासणी लागते, कधी सोनोग्राफीही. गळ्यावर बिब्बा लावणं किंवा डाग देणं याने कातडी भाजते, ग्रंथी तशीच राहते.

बाजूची गाठ, तीन आठवडे झाले तरी जात नाही

मानेच्या बाजूला न दुखणाऱ्या एकापाठोपाठ एक गाठी, संध्याकाळी बारीक ताप, वजन कमी होणं, ही क्षयाची लक्षणं असू शकतात. जुनी माणसं यालाच गंडमाळ म्हणत. सरकारी दवाखान्यात तपासणी आणि औषधं मोफत आहेत. औषध किमान सहा महिने, मध्येच न सोडता घ्यायचं. उपचार चालू असेपर्यंत निक्षय पोषण योजनेतून आहारासाठी महिन्याला १००० रुपये बँक खात्यात येतात.

तंबाखू, गुटखा, बिडी घेणाऱ्याने जास्त सावध राहावं. राज्यात २०१२ पासून गुटखाबंदी आहे, तरी पुड्या सुटलेल्या नाहीत. तीन आठवडे आवाज बसलेला, गिळताना अडकणं, तोंडातली जखम न भरणं किंवा टणक गाठ, यातलं काहीही असलं तर कान-नाक-घसा तज्ज्ञाला दाखवावं. धुळे आणि जळगाव दोन्हीकडे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचं रुग्णालय आहे. सुईने तपासल्यावर गाठ पसरते ही भीती खोटी आहे. कर्करोगाच्या उपचाराला महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतून मदत मिळते.

माणसाचा घटसर्प

घटसर्प म्हटलं की शेतकऱ्याला गुरं आठवतात. माणसाचा घटसर्प हा वेगळा आजार, त्याला डिप्थेरिया म्हणतात. घशात राखाडी पापुद्रा धरतो, मान सुजते, श्वास कोंडतो. याची लस अंगणवाडीत, उपकेंद्रात मोफत मिळते : दीड, अडीच आणि साडेतीन महिन्यांना, मग दीड ते दोन वर्षांत आणि पाच-सहाव्या वर्षी. त्यानंतर १० आणि १६ व्या वर्षी टीडीची सुई. ऊसतोडीला किंवा कामाला बाहेरगावी गेलेल्या कुटुंबात डोस राहून जातात. परत आल्यावर आशाताईंना कार्ड दाखवून राहिलेला डोस घ्यावा.

इथे थांबू नका

श्वास घेताना आवाज येतो, तोंडातून लाळ गळते, थुंकीही गिळवत नाही, तोंड उघडत नाही, किंवा गोळी घेतल्यावर अथवा गांधीलमाशी चावल्यावर ओठ-जीभ-गळा सुजतो, तर लगेच १०८ ला फोन करा. अशा माणसाला आडवं झोपवू नका, बसवून ठेवा. तोंडात बोट किंवा चमचा घालू नका, पाणी पाजू नका.

बाकी सुजेसाठी एक सोपी सवय : गाठ हाताला लागली त्या दिवशी भिंतीवरच्या कॅलेंडरवर खूण करा. तीन आठवड्यांनी ती तशीच असेल, तर दुखत नसली तरी दवाखान्यात जा.