श्रुतिकेचा कागद

मुंबईचं नभोवाणी केंद्र २३ जुलै १९२७ रोजी सुरू झालं. त्याआधी, १५ जानेवारी १९२४ला बीबीसीवर रिचर्ड ह्यूजचं ‘डेंजर’ झालं होतं. खास रेडिओसाठी लिहिलेलं ते पहिलं नाटक मानतात. दिवे गेलेल्या कोळशाच्या खाणीत अडकलेली माणसं हा त्याचा विषय. पात्रांनाच काही दिसत नाही, मग श्रोत्याला न दिसल्याची खंत कशाला! मराठीतही असं रेडिओनाटक, म्हणजे श्रुतिका, रुजलं. रत्नाकर मतकरींची ‘वेडी माणसं’ १९५५ साली मुंबई आकाशवाणीवरूनच लोकांसमोर आली. ‘पुन्हा प्रपंच’ या श्रुतिकामालिकेतले टेकाडे भावजी, मीनावहिनी आणि पंत, म्हणजे प्रभाकर जोशी, नीलम प्रभू आणि बाळ कुडतरकर, घराघरांत घरच्या माणसांसारखे वावरले. या आवाजांवर पुष्कळ लिहिलं गेलं. ते ज्या कागदावरून बोलत, त्यावर फारसं कुणी लिहिलं नाही.

इंग्रजी संहितेत ध्वनिसंकेत कॅपिटल अक्षरांत टंकतात, त्यामुळे ते संवादात मिसळत नाहीत. देवनागरीत ती सोय नाही. तेव्हा मराठी संहितेने कंस, अधोरेखन आणि समास यांवर भागवलं. हे पाहा :

१. (पाऊस. दारावर थाप.)
२. आई : (माइकपासून दूर) कोण आहे?
३. सुधीर : मीच. दार उघड.
४. (कडी काढल्याचा आवाज. पाऊस वाढतो, मग संवादाखाली.)

डावीकडचे आकडे शोभेचे नाहीत. तालमीत निर्माता ‘तीनपासून घ्या’ म्हणाला की सगळ्यांची नजर एकाच ओळीवर जाते. चौथी ओळ वाचून ध्वनिपरिणाम देणाऱ्याचा हात कडीवर तयार असतो. पात्राचं नाव दर वेळी पूर्ण लिहायचं, कारण नुसतं ‘सु.’ पाहून सुधीरच्या जागी सुमन बोलून जाते. संवाद पानाच्या तळाशी तोडायचा नाही. पान संपण्याआधी वाक्य संपलं पाहिजे. कागद एकाच बाजूने लिहिलेले, टाचणी काढलेले. वाचून झालेलं पान नट अलगद खाली सोडतो, कारण कागदाची सळसळ माइक सोडत नाही.

टाइपरायटरच्या काळात ही शिस्त आपोआप पाळली जाई. स्टेन्सिलवर चूक झाली की ती खोडणं जिकिरीचं, म्हणून टंकण्याआधीच विचार व्हायचा. कार्बनची शेवटची प्रत पुसट असे. ती बिचारी कुणाच्या तरी वाट्याला यायचीच. मग डीटीपी आलं. अक्षर देखणं झालं, पण एका संगणकावरची संहिता दुसऱ्यावर उघडली आणि तिथे तो फॉन्ट नसला, की पानभर अगम्य चिन्हं. युनिकोडने ही कटकट संपवली. विंडोजबरोबर आलेला ‘मंगल’ फॉन्ट कवी-सुलेखनकार र. कृ. जोशींनी घडवला. एनसीएसटी या ज्या संगणक-संशोधन संस्थेत ते टंकांवर काम करत, ती पुढे सी-डॅकमध्ये विलीन झाली, आणि सी-डॅकचं एक कार्यालय आता आमच्या बेलापूरला आहे. नवी मुंबईचा श्रुतिकेशी हा असाही एक धागा.

आज नेरूळ-वाशीकडची मुलं घरातल्या कपाटात गाद्या लावून ध्वनिमुद्रण करतात. त्यांचा उत्साह मला फार मोलाचा वाटतो. संहिता मात्र मोबाइलवर सलग मजकूर म्हणून येते. ओळींना आकडे नाहीत, ध्वनिसंकेत संवादाच्या पोटात, आणि समासच नाही, तर ‘इथे थांब’ ही खूण करायची कुठे? पडदा सरकवताना संवाद मध्येच तुटतो आणि नटाचा श्वासही तिथेच तुटतो. हा दोष साधनाचा नाही. मोबाइलवरही ओळींना आकडे देता येतात, संकेत वेगळ्या ओळीवर घेता येतात, पात्राचं नाव ठळक करता येतं. जुनी पद्धत कुणाच्या हौसेने पडली नव्हती. प्रत्येक नियमामागे फसलेलं एखादं ध्वनिमुद्रण होतं.

तेव्हा नव्या लेखकांना एवढीच विनंती : संहिता पाठवण्याआधी ती छापा, उभं राहून मोठ्याने वाचा आणि जिथे अडखळाल तिथे पानाची मांडणी बदला. मग नटांना बोलवा.