‘हेलरेझर’ची व्हिडिओवरची अठरा वर्षं

२००० ते २०१८ या काळात ‘हेलरेझर’ या भयपटमालिकेचे सहा भाग निघाले आणि त्यांतला एकही अमेरिकेतल्या थिएटरांत रीतसर लागला नाही. दुकानातल्या फडताळावर, भाड्याने डीव्हीडी देणाऱ्या लायब्रऱ्यांत आणि शेवटी शेवटी इंटरनेटवर ते थेट पोचत राहिले. समीक्षकांनी त्यांच्याकडे फारसं पाहिलं नाही आणि मालिकेचे जुने चाहते आजही त्यांचं नाव निघालं की तोंड वाकडं करतात. मला मात्र या सहा चित्रपटांबद्दल आस्था आहे. त्यांत दोन बरे आहेत, दोन अर्धेकच्चे आहेत, एक वाईट आहे आणि एक विलक्षण चमत्कारिक आहे. एखादी सकस कल्पना तिच्या निर्मात्याच्या हातून निसटली की तिची कशी फरफट होते, आणि त्या फरफटीतही काही माणसं आपलं काम किती जीव लावून करतात, हे दोन्ही इथे एकत्र पाहायला मिळतं.

मूळ कल्पना क्लाइव्ह बार्करची. हा लिव्हरपूलचा लेखक. त्याच्या पटकथांवरून आधी दोन चित्रपट निघाले होते आणि दोन्हींनी त्याची निराशा केली होती. म्हणून १९८६ साली प्रसिद्ध झालेल्या ‘द हेलबाउंड हार्ट’ या आपल्या लघुकादंबरीवरचा चित्रपट स्वतःच दिग्दर्शित करायचा, असं त्याने ठरवलं. ‘न्यू वर्ल्ड पिक्चर्स’ने सुमारे १० लाख डॉलर दिले. त्या काळच्या हिशेबानेही ही रक्कम तुटपुंजी होती. लंडनमधलं एक घर, मोजकी नटमंडळी आणि रंगभूषाकारांची एक हुन्नरी तुकडी एवढ्यावर १९८७चा ‘हेलरेझर’ उभा राहिला.

गोष्ट अगदी घरातली आहे. सुखाच्या शोधात सगळं करून थकलेला फ्रँक एक कोड्याची पेटी मिळवतो आणि ती उघडतो. पेटीतून आलेले सेनोबाइट नावाचे नरकातले जीव त्याच्या देहाच्या चिंधड्या करतात. पुढे त्याचा भाऊ बायकोसह त्याच घरात राहायला येतो, माळ्यावरच्या फरशीवर त्याच्या हाताचं रक्त सांडतं आणि फ्रँकचा देह पुन्हा जुळू लागतो. भावाची बायको ज्युलिया, फ्रँकची जुनी प्रेयसी, त्याच्यासाठी एकेक परका पुरुष घरी आणते आणि त्याचा बळी देते. नारायण धारप आणि रत्नाकर मतकरी वाचत वाढलेल्या मराठी वाचकाला ही वाट ओळखीची वाटेल. इथेही माणूस आपल्या हौसेने दार उघडतो आणि मग आत आलेल्याला परत पाठवता येत नाही.

डोक्यावर चौकटी कोरलेला आणि प्रत्येक छेदावर टाचणी ठोकलेला सेनोबाइट पिनहेड या पहिल्या चित्रपटात जेमतेम काही मिनिटं दिसतो. श्रेयनामावलीत त्याला ‘पिनहेड’ असं नावही नव्हतं. ती भूमिका करणारा डग ब्रॅडली हा बार्करचा शाळासोबती, तरुणपणी त्याच्याच नाटकमंडळीत काम केलेला. त्याचा खर्जातला सावकाश आवाज आणि न हलणारी मान लोकांच्या लक्षात राहिली आणि पुढच्या भागांत मालिकेचा चेहरा तोच झाला. मालिकेचं भाग्य आणि दुर्भाग्य, दोन्ही इथेच ठरलं. लोकांना चेहरा हवा होता, आणि चेहरा कुठल्याही गोष्टीवर डकवता येतो.

१९८८चा दुसरा भाग दमदार आहे. १९९२चा तिसरा अमेरिकेत गेला आणि भडक झाला. १९९६चा चौथा, ‘ब्लडलाइन’, अठराव्या शतकातल्या फ्रान्सपासून अवकाशस्थानकापर्यंत एका घराण्याची कहाणी सांगू पाहत होता. निर्मात्यांनी त्यात इतकी काटछाट आणि फेरचित्रण केलं, की दिग्दर्शक केविन येगर याने आपलं नावच काढून घेतलं. चित्रपट ‘ॲलन स्मिथी’ या टोपणनावाने लागला. काम आपलं मानायला तयार नसलेल्या दिग्दर्शकांसाठी हॉलिवूडमध्ये हेच नाव वापरत. मालिकेचा थिएटरमधला मुक्काम तिथे संपला.

एव्हाना मालिका मिरामॅक्सच्या ‘डायमेन्शन फिल्म्स’ या शाखेकडे होती. बॉब वाइनस्टाइनच्या या कंपनीला एक गणित नेमकं उमगलं होतं. थिएटरात चित्रपट लावायचा तर प्रती काढा, जाहिराती करा, पहिल्या शुक्रवारी धडधडत बसा. थेट व्हिडिओवर आणला तर यांतलं जवळपास काहीच करावं लागत नाही. डीव्हीडी १९९७ साली अमेरिकेत आली आणि काही वर्षांत घरोघरी पोचली. भाड्याने चित्रपट देणाऱ्या दुकानांना दर आठवड्याला नवा माल लागे. शनिवारी रात्री फडताळासमोर उभा राहिलेला माणूस अनोळखी नावापेक्षा ओळखीच्या चेहऱ्याला हात घालतो, त्यामुळे जाहिरातीचं काम जुनं नावच करून टाकी. ‘चिल्ड्रन ऑफ द कॉर्न’ आणि ‘द प्रॉफसी’ या मालिका याच कंपनीने याच रीतीने वर्षानुवर्षं चालवल्या.

पहिला व्हिडिओ-भाग ‘इन्फर्नो’ २०००चा. दिग्दर्शक स्कॉट डेरिक्सन तेव्हा अगदी नवखा होता. हाच पुढे ‘सिनिस्टर’ आणि ‘डॉक्टर स्ट्रेंज’ करणार होता. त्याने आणि पॉल हॅरिस बोर्डमनने मालिकेचा पसारा बाजूला ठेवला आणि जोसेफ थॉर्न या भ्रष्ट पोलीस डिटेक्टिव्हची गोष्ट लिहिली. थॉर्नला कोडी सोडवायची आवड आहे. बायको-मुलीकडे त्याचं लक्ष नाही, वेश्या आणि अमली पदार्थ यांच्या पायी तो पुरता वाहवला आहे. एका खुनाच्या जागी त्याला ती पेटी सापडते आणि एक मेणबत्ती सापडते. त्या मेणात लहान मुलाचं बोट आहे. बोट कापलं तेव्हा मूल जिवंत होतं, असं तपासणीत कळतं. मग एकेका ओळखीच्या माणसाचा खून आणि प्रत्येक ठिकाणी आणखी एक बोट. थॉर्न त्या मुलाला वाचवायला धावतो. आयुष्यात पहिल्यांदा त्याला कुणाची तरी खरी काळजी वाटते आहे. शेवटी उलगडा होतो, की ते मूल म्हणजे त्याचाच निरागस अंश आहे, त्याचे लचके तोडणारा तो स्वतःच आहे आणि हा सगळा तपास नरकातच चालला आहे. पुन्हा तीच सकाळ, पुन्हा तोच तपास.

पिनहेड यात अगदी थोडका येतो. त्यावरून चाहते भडकले आणि बार्करनेही हा चित्रपट नावडल्याचं उघड सांगितलं. बार्करची तक्रार समजते. त्याचा नरक भल्याबुऱ्याच्या पलीकडचा होता. त्यात वासनेला शिक्षा होत नव्हती, तिला शेवटच्या टोकापर्यंत नेलं जात होतं. डेरिक्सनचा नरक पापाचा हिशेब मागतो. तरीही मला वाटतं, की दिग्दर्शकाने स्वतःला पडलेला प्रश्न घेऊन केलेला हा चित्रपट आहे आणि तो प्रत्येक दृश्यात जाणवतो. थॉर्न झालेला क्रेग शेफर दहा वर्षांपूर्वी बार्करच्याच ‘नाइटब्रीड’चा नायक होता. त्याचा घामेजलेला, झोप उडालेला चेहरा चित्रपट तोलून धरतो.

२००२चा ‘हेलसीकर’ रिक बोटाने केला. गाडी पुलावरून नदीत कोसळते, नवरा ट्रेव्हर वाचतो, बायको सापडत नाही. ही बायको म्हणजे पहिल्या दोन भागांची नायिका कर्स्टी, आणि अॅशली लॉरेन्स या भूमिकेत परतली आहे. ट्रेव्हरची स्मृती तुटक झाली आहे, भोवतीची माणसं मरत आहेत. शेवटी कळतं, की मेलेला तोच आहे. आपला जीव सोडवण्यासाठी कर्स्टीने पिनहेडला पाच आत्मे देऊ केले होते आणि पाचवा नवऱ्याचा होता. सबंध चित्रपटाची मांडणी ‘इन्फर्नो’चीच आहे आणि मधला भाग रेंगाळतो. पण त्या सौद्याचं दृश्य आलं की जुनी ताकद परत येते. वडिलांच्या घरात राक्षसांना चकवणारी मुलगी आता त्यांच्याशी घासाघीस करते आहे.

यानंतर मालिका रोमानियात गेली. तिथे खर्च कमी येई, म्हणून डायमेन्शनचे बरेच भयपट तिकडेच तयार होत. ‘डेडर’ आणि ‘हेलवर्ल्ड’ तिथे पाठोपाठ चित्रित झाले आणि दोन्ही २००५ साली बाजारात आले. ‘डेडर’ची पटकथा मुळात ‘हेलरेझर’ची नव्हतीच. कंपनीकडे पडून असलेल्या एका स्वतंत्र भयकथेत पेटी आणि पिनहेड घुसवण्यात आले, आणि तो सांधा दिसतो. मेलेल्यांना उठवणाऱ्या पंथाच्या मागावर बुखारेस्टला गेलेली महिला पत्रकार ही त्याची नायिका. ती जागी होते आणि पाहते तर पाठीत सुरा आरपार रुतलेला, आणि हात मागे पोचत नाही, असा एक प्रसंग आहे. तो लांबलचक आहे, बिनसंवादाचा आहे आणि फार भेदक आहे. जोडलेल्या तुकड्यांशी त्याचा काही संबंध नाही. ती पटकथा आपल्या पायावर उभी राहू दिली असती तर एक चांगला चित्रपट झाला असता, याची हळहळ वाटते.

‘हेलवर्ल्ड’ तर आणखी लांब गेला. त्यात ‘हेलरेझर’ हा एक ऑनलाइन खेळ आहे, तो खेळणारी तरुण मंडळी एका बंगल्यावरच्या पार्टीला जातात आणि यजमान लान्स हेन्रिक्सन आपल्या मुलाच्या मृत्यूचा सूड उगवतो. पुढे सुपरमॅन झालेला हेन्री कॅव्हिल यात आहे, एवढीच त्याची आज ओळख उरली आहे. पिनहेड म्हणून डग ब्रॅडली इथे शेवटचा दिसला. सलग आठ चित्रपट त्याने ही भूमिका केली. पटकथेत कितीही पाणी असलं, तरी त्याने एकही वाक्य टाकून दिल्यासारखं म्हटलेलं नाही.

२०११चा ‘रेव्हलेशन्स’ मात्र निव्वळ कागदासाठी निघाला. ठरावीक मुदतीत नवा चित्रपट केला नाही तर मालिकेचे हक्क जाणार होते, म्हणून घाईघाईने, काही आठवड्यांत आणि नगण्य पैशांत तो उरकला. ब्रॅडलीने नकार दिला. मग चेहरा एका नटाचा आणि आवाज दुसऱ्याचा अशी सोय केली. आपल्या कल्पनेतून हा चित्रपट निघाल्याच्या जाहिरातीवर बार्कर इतका संतापला, की त्याने शिवी हासडून जाहीरपणे हात झटकले. त्याचं चुकलं असं मला वाटत नाही.

त्या चित्रपटाची पटकथा गॅरी टनिक्लिफची होती. हा मूळचा रंगभूषाकार, तिसऱ्या भागापासून या मालिकेच्या रक्तामांसाची कामं करत आलेला. २०१८चा ‘जजमेंट’ त्याने स्वतः लिहिला, दिग्दर्शित केला आणि त्यात ऑडिटरची भूमिकाही केली. हाती पैसा यावेळीही जवळपास नव्हताच. तरी त्याने नरकाचं एक नवं खातं कल्पिलं. पडक्या घरात पाप्याला बसवतात, ऑडिटर टाइपरायटरवर त्याची पापं टिपून घेतो, दुसरा एक लठ्ठ अधिकारी ते कागद खातो आणि ओकतो, आणि चेहरे सोललेल्या स्त्रियांचं पंचमंडळ त्या ओकारीत हात घालून निकाल देतं. पाहवत नाही, पण विसरताही येत नाही. मधली पोलीस-तपासाची कथा कमकुवत आहे. तरीही पंचवीस वर्षं दुसऱ्यांच्या चेहऱ्यांवर काम केलेल्या माणसाने संधी मिळताच स्वतःची प्रतिमासृष्टी उभी केली, याचा आदर वाटतो.

पुढे बार्करने अमेरिकेतल्या हक्कांसाठी कायद्याचा आधार घेतला आणि २०२१च्या अखेरीस ते त्याच्याकडे परत आले. २०२२ साली डेव्हिड ब्रकनरने नवा ‘हेलरेझर’ केला, त्यात बार्कर निर्मात्यांपैकी एक होता आणि पिनहेड झाली जेमी क्लेटन. या चित्रपटाला पुरेसा पैसा मिळाला. पण पैशाने मालिका तरली-बुडाली हे मला मान्य नाही, कारण पहिला चित्रपटही गरिबीतच झाला होता. तिथे बार्करला काही सांगायचं होतं. ‘इन्फर्नो’त डेरिक्सनला सांगायचं होतं, ‘जजमेंट’च्या त्या घरात टनिक्लिफला सांगायचं होतं. ‘रेव्हलेशन्स’ला सांगायचं काहीच नव्हतं आणि ते पहिल्या दहा मिनिटांत कळतं.

व्हिडिओवरच्या सहांपैकी एकच पाहायचा असेल तर ‘इन्फर्नो’ पाहा, आणि रात्री एकट्याने पाहा. वेळ असेल तर ‘हेलसीकर’ही पाहा, मात्र त्याआधी १९८७चा चित्रपट पाहिलेला असू द्या, नाहीतर कर्स्टीने केलेल्या सौद्याची किंमत कळणार नाही. ‘रेव्हलेशन्स’ वगळलात तर काहीही बिघडणार नाही.