मुंग्या येतात म्हणून ताकदीच्या गोळ्या?

मैत्रिणींनो, हातापायाला मुंग्या आल्या, थकवा वाटला की आपण मेडिकलमधून ‘ताकदीच्या गोळ्या’ आणतो. बी-कॉम्प्लेक्स घेतल्यावर लघवी गर्द पिवळी होते, तिला घाबरू नका. तो बी-२ चा रंग, बाकी काही नाही.

जपायचं ते वेगळ्याच गोष्टीला. अंगात बी-१२ कमी असताना नुसतं फॉलिक ॲसिड जास्त मात्रेत घेतलं, तर रक्त सुधारल्यासारखं दिसतं, पण नसांची झीज आतल्या आत चालूच राहते. आणि बी-६ जास्त मात्रेत महिनोन्‌महिने घेतलं, तर त्यानेच मुंग्या येतात! ज्या दुखण्यासाठी गोळी आणली, तेच गोळीनं वाढवलं.

बी-१२ भाजी-भाकरीत नसतं. दूध, दही, अंडी, मासे, मटण यांत असतं. आपण मात्र सगळ्यांना वाढून उरलं तरच दूध-दही घेणाऱ्या! शुगरसाठी मेटफॉर्मिन वर्षानुवर्षं चालू असेल, तरीही बी-१२ कमी होऊ शकतं.

मुंग्या जात नसतील तर डॉक्टरांकडे जा, बी-१२ तपासायचं का ते विचारा. चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांची पाकिटं सोबत न्या. आशाताईंनी दिलेली लोह-फॉलिक ॲसिडची गोळी मात्र हे वाचून बंद करू नका. तिच्यातलं प्रमाण बेताचं, ठरवून दिलेलं असतं.