पैसे ट्यूबचे की बरे होण्याचे?

येवल्यात पैठणीचे माग बऱ्याच ठिकाणी राहत्या घरातच असतात. विणकाम, जेवण, झोप सगळे जवळजवळच. अशा घरात एकाला खरूज झाली की ती एकट्याची राहत नाही. बोटांच्या बेचक्यांत, मनगटावर, कमरेभोवती पुरळ येते आणि रात्री खाज वाढते. ज्याला सर्वांत जास्त त्रास, त्याला दवाखान्यात नेले जाते. एक ट्यूब येते, तो बरा होतो आणि महिन्याभरात पुन्हा खाजवू लागतो.

दोष बहुतेक वेळा औषधाचा नसतो. खरजेचा किडा पहिल्यांदाच अंगावर आला, तर खाज सुरू व्हायला चार ते सहा आठवडे लागू शकतात. तोवर घरातली ‘धडधाकट’ माणसेही तो पसरवत असतात. म्हणून पर्मेथ्रिनचे मलम घरातल्या सर्वांनी एकाच रात्री मानेपासून तळपायापर्यंत लावायचे आणि साधारण आठवड्याने पुन्हा. (तान्ही बाळे व गर्भवतींसाठी आधी डॉक्टरांना विचारावे.) मोठ्या माणसाला एका वेळी साधारण 30 ग्रॅम मलम लागते, म्हणजे पाच जणांच्या घराला दोन वेळचे मिळून 300 ग्रॅमपर्यंत. विणकराची मजुरी बहुधा साडीमागे मिळते. साडी मागावरून उतरण्याआधी एवढा खर्च एकदम कोण करणार?

आजार घराचा, पण फी माणसामागे आणि औषध ट्यूबमागे. अडचण इथे आहे. गजकर्णाचेही तसेच. उपचार कित्येक आठवडे चालतात, मग दुकानातून स्टेरॉइड मिसळलेले स्वस्त मलम घेतले जाते. दोन दिवसांत खाज थांबते, बुरशी मात्र पसरत राहते. अशी अनेक स्टेरॉइड मलमे 2018 मध्ये केंद्र सरकारने चिठ्ठीशिवाय विकू नयेत अशा यादीत घातली. तरी ती सहज मिळतात, हे वाचकांना सांगायला नको.

पैसे वेगळ्या पद्धतीने मोजता येतात, याचा दाखला आपल्याकडेच आहे. कुष्ठरोगाच्या गोळ्या सरकारी केंद्रात महिन्याच्या पाकिटात फुकट मिळतात. सहा महिने किंवा वर्षभराचा पूर्ण कोर्स. अर्धवट थांबायला पैशाचे कारण उरत नाही. फिजीमध्ये तर खरजेसाठी रुग्ण न शोधता सगळ्या वस्तीलाच आयव्हरमेक्टिन दिले. 2015 साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात वर्षभरात खरजेचे प्रमाण 32 टक्क्यांवरून 2 टक्क्यांवर आले.

महात्मा फुले जनआरोग्य योजना इथे फारशी कामाची नाही. तिचा भर रुग्णालयात दाखल होऊन घ्यायच्या उपचारांवर आहे. मात्र 15 ऑगस्ट 2023 पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत तपासणी व उपचार मोफत आहेत. तेव्हा येवल्याच्या उपजिल्हा रुग्णालयात जाताना एकट्याने जाऊ नये. घरात किती माणसे आहेत ते सांगावे, सर्वांचे केसपेपर काढावेत.

खासगी डॉक्टरांनाही माझी एक सूचना आहे. खरजेसाठी घरामागे एकच रक्कम ठरवा. त्यात सर्वांची तपासणी आणि पंधरा दिवसांनी फेरतपासणी धरा. खाज उपचारानंतरही दोन-तीन आठवडे राहू शकते, आणि नेमकी तेव्हाच घाबरलेली माणसे पुन्हा पैसे मोजून नवी ट्यूब घेतात.