वजन उतरवण्याचा वेग आणि स्नायूंचा हिशोब

वजने उचलण्याचा व्यायाम, म्हणजेच स्ट्रेंथ ट्रेनिंग, करणाऱ्याने आहार एकदम तोडला की पहिल्याच आठवड्यात काटा झपाट्याने खाली येतो. पण त्यातला मोठा वाटा पाण्याचा असतो, कारण ग्लायकोजेन, म्हणजे स्नायू व यकृतात साठलेले पिष्टमय इंधन, दर ग्रॅममागे सुमारे 3 ग्रॅम पाणी धरून ठेवते आणि साठा आटला की तेही निघून जाते. खरा प्रश्न त्यानंतरचा.

नॉर्वेतील इना गार्थे व सहकाऱ्यांनी 2011 साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात अव्वल खेळाडूंच्या एका गटाचे वजन आठवड्याला शरीरभाराच्या 0.7 टक्के, तर दुसऱ्याचे 1.4 टक्के या गतीने उतरवण्याचे लक्ष्य होते आणि दोघांनाही आठवड्यातून 4 वेळा हाच व्यायाम होता; तेव्हा संथ गटाचा मेदविरहित भार, म्हणजे चरबी वगळून उरणारे वजन, सुमारे 2.1 टक्क्यांनी वाढला, घाई करणाऱ्यांचा मात्र जागच्या जागी राहिला. 70 किलोच्या व्यक्तीला ही संथ गती म्हणजे आठवड्याला जेमतेम अर्धा किलो, आणि त्यासाठी रोज साधारण 500 कॅलरींची तूट पुरते.

काटकसर प्रथिनांत मात्र नको: दर किलोमागे 1.6 ग्रॅम धरले तर याच व्यक्तीला रोज 112 ग्रॅम लागतात, आणि 50 ग्रॅम कच्च्या मूगडाळीतून जेमतेम 12 ग्रॅम मिळत असल्याने नुसत्या वरणभातावर (तो कितीही प्रिय असला तरी) भागत नाही; अंडी, मासे, पनीर किंवा सोयाबीन यांची जोड लागतेच. मधुमेह वा मूत्रपिंडाचा विकार असणाऱ्यांनी हे सारे डॉक्टरांना विचारूनच करावे.